चारशे तेरावी वेळ

धाडकन आवाज झाला आणि तिच्या हातातली वही गळून पडली.

समोरच्या तरुणानं एक चांगला चालू लॅपटॉप टेबलाच्या उंचीवरून सरळ फरशीवर सोडला होता. निसटला नव्हता — सोडला होता! तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही हात मोकळे, आणि चेहरा असा शांत, जणू टेबलावरची धूळ झटकतोय.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" ती ओरडलीच.

"मला? नाही." त्यानं वाकून लॅपटॉप उचलला, झाकण उघडलं. स्क्रीन लागला. "चारशे अकरा," असं पुटपुटत त्यानं भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढली. "बोला, काय दाखवू?"

खरं तर या दुकानात तिला शिरायचंच नव्हतं. जायचं होतं शेजारच्या झगमगीत दुकानात, पण तिथे ही भली मोठी रांग, आणि आत्याचे पाय दुखत होते. इथे दारात एक रिकामं स्टूल दिसलं. आत्या जाऊन बसली, म्हणून तीही आली. आत्या वीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती आणि तिला कशाचाच धक्का बसत नसे. आत्ताही तिनं फक्त मान वळवून विचारलं, "जगला का?"

"ठणठणीत आहे," तो म्हणाला. आणि हसला.

हसल्यावर तो बरा दिसतो, हे तिच्या लक्षात आलं. लगेच तिला स्वतःचाच राग आला. तिनं वही उचलली आणि काउंटरवर आपटली. वहीत अकरा लॅपटॉपांची नावं होती, प्रत्येकापुढे सात रकाने, सगळे पट्टीनं आखलेले. आत्या तिला उगाच मोजपट्टी म्हणत नसे.

"मला यातला एक हवाय. फक्त एवढंच सांगा — किती वर्षं टिकेल?"

"ते मी सांगत नाही. आपटून दाखवतो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. गल्लीत मला आपटमास्तर म्हणतात. हा नमुन्याचा लॅपटॉप आहे, हा रोज पडतो. आणि जो विकतो तोही गिऱ्हाइकासमोर एकदा आपटतो, पण बोटभर उंचीवरून. तेवढ्यानंच लोकांचे डोळे पांढरे होतात." त्यानं वही स्वतःकडे वळवली. "रकाने छान आहेत हो. पण जाडी कमी असण्याला गुण का दिलेत?"

"हलका असावा म्हणून."

"हलका म्हणजे आत धातू कमी. आणि बिजागरीला रकानाच नाही? झाकण दिवसातून वीसदा उघडणार तुम्ही. बॅटरी काढून बदलता येते का, मेमरी वाढवता येते का, कीबोर्डवर पाणी सांडलं तर ते खालून वाहून जातं का... हे कुठाय?"

ती गोरीमोरी झाली. रात्र रात्र जागून केलेली वही त्यानं दोन मिनिटांत उलटीपालटी केली होती. आणि बोलत होता ते खरं होतं, हे तर आणखीच वाईट.

"एवढा दणकट कशाला हवाय?" त्यानं विचारलं. "करता काय तुम्ही?"

"दगड."

"...काय?"

"दगड शिकते. भूगर्भशास्त्र. पुढच्या सोमवारपासून तीन आठवडे खाणींमध्ये शिबिर आहे. धूळ, खडी, जीपचे हिसके. रोजची निरीक्षणं रोज भरायची. लॅपटॉप नसेल तर शिबिरात घेतच नाहीत." ती थांबली, मग भडाभडा बोलून गेली. "गेल्या वर्षी एक घेतला होता. पातळ, चंदेरी. चौथ्या महिन्यात बिजागरीत तुटला, सगळी निरीक्षणं गेली, माझं वर्ष गेलं. दुकानदार म्हणाला, तुम्हीच आपटला असेल. आता आत्यानं पुन्हा एकदा पैसे साठवलेत. तिसऱ्यांदा कुणी साठवणार नाही."

त्यानं नमुना पुन्हा उचलला, या वेळी कोपऱ्यावर सोडला. धाड! ती पुन्हा दचकली, आणि दचकताना तिची नजर लॅपटॉपवर नव्हती, त्याच्यावर होती. चारशे बारा. रेघ.

"हाच प्रकार घ्या. तुमच्या पैशांत बसतो." त्यानं आतून एक सीलबंद खोकं आणलं.

"आपटा."

"आपटतो ना. बोटभर —"

"बोटभर नाही. नमुन्याइतक्या उंचीवरून."

"नवा?" आता डोळे पांढरे व्हायची पाळी त्याची होती. "आजवर असं कुणी..."

"का? भीती वाटते?"

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. आत्यानं स्टूल जरा पुढे सरकवलं. त्यानं खोकं फोडलं, लॅपटॉप काढला, टेबलाच्या उंचीवर धरला आणि सोडला.

आवाज वेगळाच आला. सुकी काटकी मोडावी तसा. झाकण एका बाजूनं निखळून लोंबायला लागलं.

आत्या म्हणाली, "हा गेला."

आता हा म्हणणार, तुमच्या हट्टापायी तुटला, भरा पैसे! तिनं आत्याची पर्स घट्ट धरली. पण तो फरशीवरच बसला होता, स्क्रूड्रायव्हर घेऊन, आणि त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. त्यानं तुटका उघडला. मग नमुना उघडला. दोन्ही शेजारी ठेवले.

"बघा," तो म्हणाला. आवाज जेमतेम फुटला. नमुन्यात बिजागरीखाली धातूची पट्टी होती. नव्यात त्याच जागी, त्याच रंगाचं, प्लास्टिक. "कंपनीनं बदललं. कुणाला न सांगता. मी जुना आपटून दाखवत राहिलो... आणि विकत हे राहिलो."

"किती विकलेत?"

"या मालातले? एकोणीस." तो उठला. फळीवरचे उरलेले सगळे खोके त्यानं खाली काढले, शटर अर्धं ओढलं आणि फोनची डायरी उघडली. "तुम्ही शेजारी जाऊन या. मला एकोणीस जणांना फोन करायचेत."

ती जागची हलली नाही. एक दुकानदार आपण होऊन गिऱ्हाइकाला फोन करतोय, की तुम्हाला दिलेली वस्तू तुटेल, परत आणा! तिला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. लॅपटॉप पडल्याचा धक्का काहीच नव्हता. हा खरा धक्का होता.

तिनं खुर्ची ओढली. "अर्धे मला द्या. दहा तुम्ही करा, नऊ मी करते."

त्या दिवसापासून शनिवारपर्यंत सहा दिवस ती रोज आली. कशाला, असं आत्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. एकोणीसही लॅपटॉप परत आले. काही लोक चिडून आले, एक बाई तर रडत आल्या. बाजारात पट्टी मिळेना, म्हणून लोहाराकडून पत्रा आणून त्यानं पट्ट्या हातानं कापायला घेतल्या. मापं घ्यायचं काम तिचं. खड्यांची जाडी मोजायचं उपकरण तिच्या दप्तरात कायम असे.

"दीड मिलिमीटर," ती सांगे.

"दीडच आहे."

"दीडला केसभर जास्त."

"केस कुणाचा? तुमचा की माझा?"

"काम करा."

तो मान खाली घालून हसे. पत्र्याचा वास, पंख्याची घरघर, टेबलावरच्या दिव्याखाली जवळजवळ आलेली दोन डोकी... पट्टी देताना बोटाला बोट लागे, आणि मग दोघंही आधीपेक्षा मोठ्यानं आकडे बोलत. मोजमापात इतकं लाजण्यासारखं काय असतं कुणास ठाऊक.

शनिवारी एकोणिसावा लॅपटॉप दुरुस्त झाला आणि रविवारी तिला एकदम आठवलं... उद्या शिबिर! आणि तिच्याकडे लॅपटॉपच नाही. सहा दिवस दुसऱ्यांच्या बिजागऱ्या जोडण्यात गेले. जिला रकान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही ती हे विसरलीच कशी? ती आत्याला घेऊन धावत निघाली. शेजारच्या दुकानाला कुलूप होतं, रविवारची सुट्टी. त्याचं दुकान उघडं होतं, पण उरलेला माल त्यानं कंपनीला परत धाडला होता. फळी रिकामी.

"मला माहीत होतं तुम्ही येणार," तो म्हणाला आणि काउंटरवर नमुना ठेवला. पुसलेला, कोपऱ्यांना पोचे पडलेला.

"हा?" तिनं नमुन्याकडे बोट दाखवलं. "हा तर विकायचा नाही ना! याच्यावर तर तुमचं दुकान..."

"चारशे बारा वेळा पडलाय आणि चालतोय. याच्याहून टिकाऊ तुम्हाला सगळ्या बाजारात मिळणार नाही. बॅटरी नवी घातली, मेमरी वाढवली. निम्म्या किमतीत न्या."

"आणि तुम्ही?"

"दुसरा घेईन. पहिल्यापासून आपटेन."

"घे," आत्या म्हणाली.

तिनं मान हलवली. "ठीक आहे. पण नियम म्हणजे नियम. विकण्याआधी गिऱ्हाइकासमोर एकदा."

"हो. अर्थात." त्यानं लॅपटॉप उचलला आणि टेबलाच्या उंचीवर धरला. एक क्षण गेला. दुसरा गेला. बोटं सुटेनात.

"सोडा ना."

"सोडतो." कपाळावर घाम आला. "...नाही जमत."

"चारशे बारा वेळा जमलं!"

"तेव्हा तो माझा होता," तो म्हणाला. "आता तुमचा आहे."

दुकानात पंखा तेवढा फिरत होता. मग, तिलाही कळायच्या आत, तिनं त्याच्या हातातून लॅपटॉप घेतला, उंच धरला आणि सोडून दिला.

"अगं थांब!"

तो काउंटरवरून आडवाच झेपावला. खुर्ची उलटली, गुडघा फरशीवर आदळला, आणि लॅपटॉप त्याच्या कवेत आला, जमिनीपासून चार बोटं वर. तसाच तो छातीशी धरून बसून राहिला. चष्मा एका कानावर लोंबत होता.

"अहो... तो तुटणार नव्हता."

"माहीत आहे."

"मग?"

"उद्या तू तिकडे खाणीत जाणार. हा तिथे दगडांत असणार, आणि मी इथे." तो गुडघा चोळत थांबला. "सहा दिवस तू माझ्या दुकानाची लाज राखलीस. आता एकोणीस लॅपटॉप संपले, तू उद्यापासून यायची नाहीस, हेच डोक्यात होतं काल रात्रभर. मला तू आवडतेस. फार. झालं, सांगितलं."

ती त्याच्यासमोर फरशीवर बसली. त्याचा चष्मा तिनं नीट दुसऱ्या कानावरही चढवला.

"म्हणजे हा आपटला गेला नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही."

"न आपटता तुम्ही विकत नाही."

"नाही."

"मग हा विकलेला नाही. तीन आठवडे वापरायला नेतेय. परत आणून द्यावा लागेल... मलाच." मागे न वळता ती म्हणाली, "आत्या, पैसे पर्समध्येच राहू देत."

मागे पर्स खाली पडल्याचा आवाज आला. वीस वर्षांत पहिल्यांदा आत्या तोंड उघडं टाकून बघत होती. हिशोबाशिवाय दुधाची पिशवी न आणणारी ही मुलगी!

तिनं लॅपटॉप दप्तरात घातला. दारापर्यंत गेली, आणि वळली. पहिल्या दिवशीचाच प्रश्न होता, फक्त आता ती लॅपटॉपकडे नाही, त्याच्याकडे बघत होती.

"आणि तू? किती वर्षं टिकशील?"

तो अजून फरशीवरच होता, दुखरा गुडघा धरून.

"ते मी सांगत नाही," तो म्हणाला. "आपटून बघ."