मारोतीचा निकाल

लातूर नुकतंच नवा जिल्हा झालं होतं, पण ही बातमी पावसाला कुणी कळवलेली दिसत नव्हती. सलग दुसरं साल कोरडं चाललं होतं. शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या एका गावात पंचफुला टँकरच्या रांगेत घागर लावून उभी होती, आणि एस.टी.तून उतरून तिचा नवरा व्यंकटी समोरून चालत आला. बायकांनी घागरी तिथंच टाकून पळ काढला. त्यांचं तरी काय चुकलं? मागच्या उन्हाळ्यात व्यंकटीचं तेरावं झालं होतं आणि त्या सगळ्या पोटभर जेवून गेल्या होत्या.

व्यंकटी दुष्काळी कामावर खडी फोडायचा. तिथल्या मुकादमाचा खून झाला, रक्तानं माखलेला हातोडा व्यंकटीचा निघाला, आणि ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ म्हणणारा एक साक्षीदारही उभा राहिला. फाशीची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात अर्ज पडून होता, तेव्हा धाकटा भाऊ पंढरी त्याला भेटायला लांबच्या जेलात गेला. फाटकावर त्याला कळलं की आजच पहाटे एकाला फासावर दिलं, मराठवाड्याकडचाच होता. पंढरीनं नाव विचारलं नाही. जीभच उचलली नाही त्याची. येताना नांदेडला गोदावरीत बुडी मारली, डोकं भादरलं आणि तसाच गावी आला. आता भादरलेल्या डोक्याला कोण काय विचारणार? त्याला बघताच बायकांनी हंबरडा फोडला आणि पंचफुलाच्या बांगड्या फोडल्या.

प्रेत नव्हतंच, म्हणून कडब्याचा पुतळा करून जाळला. घराच्या कोपऱ्यात दिवा ठेवला, त्याच्याजवळ ज्वारीचं पीठ पसरलं आणि वर टोपलं पालथं घातलं. गेलेला जीव पुढं कोणत्या जन्माला गेला ते त्या पिठात उमटतं. सकाळी टोपलं उचललं तर पिठात माणसाचं डावं पाऊल होतं. माणसाचाच जन्म मिळाला म्हणून म्हाताऱ्यांनी हात जोडले. पावलाला सहा बोटं होती, पण उंदीर फिरला असेल म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही.

पुढं त्या साक्षीदाराच्याच घरात मुकादमाचं घड्याळ सापडलं आणि वरच्या कोर्टानं व्यंकटीला निर्दोष सोडलं. पंचफुलानं पुन्हा बांगड्या भरल्या. तिला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी तिनं त्याला दोन घागरी पाण्यानं आंघोळ घातली, आणि त्या दुष्काळात ती चैन गावात कुणालाच परवडत नव्हती.

पण दिवेलागणीला त्या कोपऱ्यातून वास आला. नव्या दोरखंडाला तेल पाजल्यावर येतो तसा. मग अगदी हळू, भिंतीपलीकडून बोलावं तसं कुणीतरी विचारलं,

“निकाल आला का?”

व्यंकटीनं हातातला तांब्या खाली ठेवला. कोपऱ्याकडं वळून तो म्हणाला, “न्हाई आला, मारोती.”

मग त्यानं बायकोला सांगितलं. मारोती शेजारच्या कोठडीतला, नायगावकडचा, मागंपुढं कुणी नसलेला. त्यानंही खून केला नव्हता. दोघं भिंतीतून बोलायचे आणि रोज संध्याकाळी एकमेकांना एवढंच विचारायचे. त्याचं तोंड व्यंकटीनं कधी पाहिलं नाही. ज्या पहाटे त्याला नेलं, त्या पहाटे दाराखालच्या फटीतून फक्त पाय दिसला.

“डाव्या पायाला सहा बोटं होती त्येच्या,” व्यंकटी म्हणाला.

पंचफुलानं तोंडाला पदर लावला. ज्याच्या नावानं कुणी दिवा लावणार नव्हतं, त्याला या घरानं न बघता दिवा लावला होता, घास ठेवला होता. तो आला होता आणि राहिला होता.

त्यांनी मारोतीच्या नावानं वेगळं कार्य केलं, ब्राह्मण बोलावला, घास ठेवला. काही उपयोग झाला नाही. त्याला घास नको होता, निकाल हवा होता. रोज दिवेलागणीला तो विचारायचा आणि रोज व्यंकटी तेच उत्तर द्यायचा. व्यंकटी खंगत चालला. आपण सुटलो आणि तो गेला, यातलं काहीच आपल्या हातात नव्हतं, हे त्याला गिळता येत नव्हतं. शेवटी तो लातूरला वकिलाकडं निघाला. मेलेल्या माणसाचा खटला पुन्हा उघडतात का, एवढंच विचारायला.

निघताना तो म्हणाला, “त्यानं इचारलं तर न्हाई आला म्हण. खोटं सांगू नको, पंचफुला. लई वाट बघितली त्यानं.”

त्या संध्याकाळी ती एकटी होती. कंदिलाची काच पुसत होती, तोच वास आला.

“निकाल आला का...?”

तिनं काच खाली ठेवली. पुन्हा विचारणा झाली, आणि या खेपेला त्या आवाजात इतकं आर्जव होतं की तिला रडू फुटलं. मेल्यावरही बिचाऱ्यानं किती दिवस झुरायचं? कुणाचं काय बिघडणार होतं?

“आला,” ती म्हणाली. “सुटलास तू, बाबा. जा घरी.”

कोपरा गप्प झाला. तेलाचा वास विरला. पंचफुलाला हलकं वाटलं, तिनं चूल पेटवली आणि भाकरी थापायला घेतल्या.

शेवटच्या गाडीनं व्यंकटी आला. दारातलं कुत्रं त्याच्यावर भुंकलं आणि मग शेपूट घालून गोठ्यात शिरलं. वकील काय म्हणाला ते तिनं विचारलं, तर त्यानं नुसती मान हलवली. दमला असेल, असं तिला वाटलं. तिनं दिलेल्या तांब्याभर पाण्यानं त्यानं पाय धुतले आणि आत येऊन ताटावर बसला.

पंचफुला कंदील घेऊन मागोमाग आली. शहाबादी फरशीवर उंबऱ्यापासून ताटापर्यंत ओली पावलं उमटली होती. डाव्या पावलाला सहा बोटं होती.

“सुटलो एकदाचा,” तो म्हणाला. आवाज व्यंकटीचाच होता. “वाढ की.”

तिनं वाढलं. दुसरं काय करणार होती? कुणाला हाक मारणार होती आणि काय सांगणार होती? माणूस तिचाच होता, चेहरा तिच्याच ओळखीचा होता. कालवण ताटाबाहेर सांडलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून तेल पाजलेल्या दोराचा वास आला.

“पंचफुला...” अंधारातून कुणीतरी म्हणालं. तोही आवाज व्यंकटीचाच होता. “मी सुटलो होतो न्हवं...? निकाल आला होता न्हवं माझा...?”

ताटावर बसलेल्यानं वर पाहिलं नाही. तो भाकर कुस्करत राहिला.