तळं हिरवं कुणी केलं?

“थांबा, वल्हं अडकलं!” ढापण्या ओरडला.

ताईने जोर लावून वल्हं वर ओढलं, तर त्याला शेवाळाची ही भलीमोठी झालर! चिमीने नाक दाबलं. “ईऽऽ! गेल्या सुट्टीत तर तळाचे मासे दिसत होते!”

बागेतल्या तळ्याच्या काठावर होडीवाला मामा तोंड पाडून बसला होता. ही तिन्ही भावंडं दर सुट्टीत त्याच्याकडे यायची, पण इतका गप्प मामा त्यांनी कधी पाहिला नव्हता. बागेच्या मॅनेजरबाईंनी त्याला बजावलं होतं: तुमच्या बदकांच्या शिटेमुळे तळं नासलंय. सोमवारपर्यंत पाणी सुधारलं नाही, तर बदकंही जातील आणि होड्याही!

“बदकं दहा वर्षांपासून आहेत,” ताई म्हणाली. “मग शेवाळ याच वर्षी का?”

ढापण्याने चष्मा सावरला. त्याने चष्मा सावरला की भाषण ठरलेलं!

“शेवाळ फॉस्फरसवर माजतं. तो मुळात खडकात असतो. खडक झिजला की मातीत, मातीतून झाडात, झाडातून प्राण्यांच्या हाडांत, आणि प्राणी मेले की परत मातीत! हवेत काही तो उडून जात नाही. आपली बदकं तळ्यातलंच खातात, तळ्यातच टाकतात. म्हणजे जास्तीचा फॉस्फरस बाहेरून येतोय!”

“म्हणजे हा उलटा चोर!” चिमी म्हणाली. “गुपचूप आणून टाकणारा!”

तिघांनी होडीतून तळ्याला फेरी मारली. बदकांच्या बाजूला शेवाळ विरळ होतं. हिरवळीवरचं पाणी तळ्यात सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी मात्र ते रजईएवढं जाड! झालं, शनिवारी तिघं दिवसभर झुडपामागे दबा धरून बसली.

सकाळचे माळीकाका आले. त्यांनी हिरवळीवर मूठमूठ करडे दाणे फेकले, वर भरपूर पाणी मारलं. पाणी वाहत वाहत नळीत गेलं.

“खत! त्यात फॉस्फरस असतो!” ढापण्या कुजबुजला.

संध्याकाळी दुसरे माळीकाका आले. तेच दाणे! तेवढंच पाणी!

चिमी झुडपातून उडीच मारून बाहेर आली. “काका, सकाळीच घातलंय की खत!”

“कुणी? त्याने?” माळीकाका चकित झाले. “मला काय ठाऊक! वर्ष झालं, आम्ही बोलत नाही.”

“का?”

“त्याने माझी कात्री नेली.”

ताईने कपाळावर हात मारला. एका कात्रीपायी मामाच्या होड्या बुडायला निघाल्या होत्या!

रविवारी मुलांनी सगळं सांगितल्यावर मॅनेजरबाईंनी नळीचं तोंड स्वतः पाहिलं. त्या ओशाळल्या. “चुकलंच माझं. न बघता बदकांवर खापर फोडलं. होड्या चालू राहतील! पण हे शेवाळ?”

“काढून कुजवा आणि हिरवळीला घाला,” ताई म्हणाली. “तिचाच फॉस्फरस तिला परत! वर्षभर नवं खत नको.”

“शाब्बास! आम्हा मोठ्यांना हे सुचायला हवं होतं. पण काढणार कोण?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी मामाच्या होडीत दोन्ही माळीकाका बसले होते, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, दोघांचीही तोंडं फुगलेली. होडी जागच्या जागी गरगर फिरत होती. काठावर मामा पोट धरून हसत होता. त्याला असं हसताना बघून चिमीला इतकं बरं वाटलं!

शेवटी एका काकांना राहवलं नाही. “अरे, डावीकडे मार!”

“मारतो,” दुसरे म्हणाले. “कात्री घरी आहे. उद्या आणतो.”

होडी सरळ निघाली.