न विचारता घेतलेल्या अकरा प्रती

प्रिंटरमधून आलेला कागद तिने उचलला आणि तिथेच थबकली. कागदावर तिच्याच संगणकाचा पडदा छापलेला होता... आणि बाजूला तिचंच वाक्य – 'हे बटण कोपऱ्यात असं रुसून का बसलंय?'

"ते – ते माझं आहे."

मागे चाचणी विभागातला तो उंच तरुण उभा होता. मोजकंच बोलतो म्हणून सगळे त्याला मौनी म्हणायचे. त्याने कागद जवळजवळ हिसकावलाच. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"तुमचं? त्यातलं अक्षर न् अक्षर माझं आहे!"

"म्हणजे... कागद माझा," असं पुटपुटून तो निघूनही गेला.

चोराच्या मनात चांदणं, ती मनाशी म्हणाली.

संशयाला कारणही तसंच होतं. कंपनीची नवी ऑपरेटिंग सिस्टिम अजून बाजारात यायची होती. कच्चं काम, कधी कोसळेल नेम नाही. म्हणून ती थेट संगणकावर न घालता व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवत. म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा, नुसता प्रोग्रॅमचा संगणक. तो बिघडला तरी बाहेरच्याला धक्का नाही. ती त्यात दिवसभर बटणं दाबून बघायची, खटकेल त्यावर तिथेच टिपा लिहायची आणि लोकांसाठी मदत-पुस्तिका तयार करायची. पण तीन आठवड्यांपूर्वी याच सिस्टिमची छायाचित्रं इंटरनेटवर फुटली होती. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, "फितूर आपल्यातलाच आहे." तेव्हापासून शेजारचा शेजाऱ्याकडे तिरकं बघत होता.

ती जागेवर आली आणि मशीनचे स्नॅपशॉट उघडले. मशीन जसं आहे तसं जपून ठेवलेल्या त्या प्रती; चाचणी विभागालाही त्या घेता आणि उघडता यायच्या. तिने स्वतः घेतलेल्या चार. यादीत होत्या पंधरा! अकरा प्रती कुणीतरी घेतलेल्या, त्याही सगळ्या तिच्या जेवणाच्या सुट्टीत.

"पाणी कुठेतरी मुरतंय," तिने ताईला फोनवर मौनीबद्दल सांगितलं.

"दिसायला बरा आहे का गं?"

"ताई!"

"नाही, जपून राहा म्हणून विचारलं. एकदा तोंड पोळलंय तुझं."

ते खरंच होतं. आधीच्या प्रियकराने दोन वर्षं गोड बोलून गळा कापला होता. आता ती ताकसुद्धा फुंकून प्यायची.

दुसऱ्या दिवशी जेवायला न जाता ती थेट त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर तिचं मशीन उघडं होतं... आणि तो एकटाच हसत होता.

"सापडलात!"

तो दचकून उठला. "फुटलेली चित्रं ज्या आवृत्तीची होती, ती आपल्या दोघांकडेच आहे असं मी धरून चाललो. ती मी बाहेर दिली नव्हती. म्हणून मला वाटलं –"

"मी दिली? तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीत?"

"तीन दिवसांत कळलं, तुम्ही नाही."

"मग अकरा प्रती कशाला?"

त्याने पडद्यावरचं तिचं मशीन बंद केलं. "पहिल्या तीन कामासाठी. बाकीच्या... तुमच्या टिपा वाचायला. दिवसभरात तेवढंच हसू येतं मला."

पण ती विरघळली नाही. "न विचारता कुणाच्या घरात शिरून, तुमची भांडी छान आहेत म्हणण्यातला प्रकार झाला हा. साहेबांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच सांगतो."

आणि तो खरंच गेला. संध्याकाळपर्यंत त्याला प्रकल्पातून काढून तळमजल्यावर जुने प्रिंटर तपासायला बसवलं होतं. चार दिवसांनी खरा फितूर सापडला. गिऱ्हाइकावर छाप पाडायला विक्री विभागाच्या प्रमुखांनीच स्वतःकडची ती आवृत्ती दाखवली होती, चित्रंसुद्धा पाठवली होती; तिथूनच ती फुटली. मौनीला मात्र कुणी वर बोलावलं नाही.

तिला चैन पडेना. तिच्या टिपा आता कुणी वाचत नव्हतं. शेवटी ती तळमजल्यावर गेली. तो शाईने माखलेल्या हातांनी एका प्रिंटरमध्ये डोकं घालून बसला होता.

"साहेबांना माझं नाव का नाही सांगितलंत? मी पकडलं म्हणून तुम्ही कबूल झालात, हे?"

"चूक माझी होती. तुमचं नाव कशाला?"

"पुन्हा वाचल्यात टिपा?"

"नाही. वाचाव्याशा वाटतात. पण विचारल्याशिवाय नाही."

"हे खरं कशावरून?"

"कशावरूनच नाही." तो कसनुसं हसला. "तुम्ही आवडता मला... हेही कशावरूनच सिद्ध करता येणार नाही."

ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. त्याने नजर चुकवली नाही. गालावर शाईचा एक डाग होता. तिने रुमाल काढला, पुढे केला... मग स्वतःच तो डाग पुसला.

"माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही, कळलं?" ती म्हणाली. "पण हात धू आधी. तुझ्याबरोबर चहाला बाहेर जायचं, तर असा काळाकुट्ट येणार आहेस का?"

तो नळाकडे निघाला आणि अर्ध्यातच थांबला. "तू म्हणालात?"

"म्हणाले," ती म्हणाली. "आता तूही म्हण."