रेघ वर चढली तेव्हा

क्षमा प्रयोगशाळेत शिरली, तर एक अनोळखी तरुण तिच्या मशीनसमोर गुडघे टेकून बसला होता आणि मशीनशी चक्क गप्पा मारत होता.

"काहून रुसली व माय? काही बोलशील तरी..."

ती दारातच थांबली. रायपूरच्या या कॉलेजात दिवसभर सगळी हिंदी. असं मराठी तिला फक्त ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी, आईच्या तोंडून ऐकायची सवय.

"ती बोलत नाही म्हणून तर तुमाले बोलावलं," ती म्हणाली.

तो दचकून उठला. टेबलाच्या कडेवर डोकं आपटलं, आणि कपाळ चोळत तो हसला. यशदीप, मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर. दुसरा कोणी येणार होता, तो आजारी पडला म्हणून हा नागपूरहून आला होता.

क्षमा रक्तातला मलेरिया ओळखणारा सेन्सर बनवत होती. काचेच्या चिपवर सोन्याचा पातळ थर, त्यावर चिकटवलेल्या अँटीबॉडी. मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन त्यांच्यावरून वाहत गेलं की त्यांनी ते पकडायचं, आणि पडद्यावरची रेघ वर चढायची. महिना झाला, रेघ ढिम्म हलत नव्हती. शुक्रवारी समिती येणार होती, काम चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायला. तिची तीन वर्षांची मेहनत त्या एका रेघेवर अडकली होती.

मशीनची परीक्षा म्हणून यशदीपने नळीतून साखरेचं पाणी सोडलं. रेघ टुणकन वर उडाली. साधं पाणी सोडताच खाली आली.

"मशीन चांगली आहे, मॅडम."

"पुन्हा पाहा."

त्याने पुन्हा पाहिलं. तेच.

क्षमाने खुर्ची जवळ ओढली आणि हसली. हे हसू सहसा वाया जात नाही, हे तिला ठाऊक होतं. "रिपोर्टात एवढंच लिहा ना... मशीनमध्ये बिघाड होता म्हणून. समिती थांबून जाईन थोडी."

यशदीप जरा वेळ तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने मान खाली घातली.

"तुमी असं हसून मागितलं तर माणूस घराची चाबी देऊन टाकन. पण हे नाही लिहू शकत मी."

"काहून?"

"मग तुमी मशीनवरच रागावून राहाल. खरं काय बिघडलं, ते राहूनच जाईन."

क्षमाला राग आला. आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं, याचा आणखी आला. पण दूरवरून आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं? तिने स्कूटी काढली आणि त्याला तेलीबांध्याला नेलं. तलावाच्या काठी एका गाडीवर तांदळाच्या धिरड्यांसारखे गरम चीले मिळायचे. फेब्रुवारीचं कोवळं ऊन पाण्यावर पसरलं होतं. वाऱ्याने तिची बट सारखी ताटलीकडे झुकायची, आणि यशदीप मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

"या अँटीबॉडी... चिपले चिकटवता कशा?" त्याने विचारलं.

क्षमाने दोन्ही हात वर पसरले. "अशा असतात त्या. वर दोन हात. प्रथिन धरायची जागा हातांच्या टोकाला. खाली एक पाय."

"आणि पाय चिकटतो सोन्याले?"

"पाय, नाही तर..."

ती थांबली. तिचा रासायनिक गोंद अँटीबॉडीला मिळेल तिथे पकडायचा. पायाला, पाठीला, हाताला. तिने आपला पंजा टेबलावर पालथा ठेवला. बोटं दाबली गेली.

"कितीतरी पालथ्याच पडल्या असतील," ती हळूच म्हणाली. "हातच दबलेले. धरतील कशानं?"

त्याने हातातला घास खाली ठेवला. चीला गार होऊ दिला, पण तिचा विचार तुटू दिला नाही. हे तिला फार आवडलं.

"फ्रिजमध्ये एक प्रोटीन आहे, ते फक्त त्यांचा पाय धरतं. आधी त्याचा थर द्यायचा, वर अँटीबॉडी. मग त्या उभ्या राहतील." तिने मान वर केली. "तुमची गाडी कधी आहे?"

"संध्याकाळी."

"सोडून द्या. उद्या रेघ चढलेली दाखवते."

"एवढी खात्री?"

"हव."

"हव?"

"रायपुरात 'हो'ले हव म्हणतात. राहायचं असन तर शिकून घ्या."

"राहायचं आहे, असं कोण म्हणलं?"

"गाडी सोडून राहिले ना तुमी?"

यशदीपने खिशातून फोन काढला आणि साहेबांकडे एका दिवसाची सुट्टी मागितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी चिप तयार झाली. क्षमाने मलेरियाचं प्रथिन सोडलं. रेघ क्षणभर तशीच... मग उचलली, आणि सावकाश, न थांबता वर चढू लागली. यशदीप अभिनंदनासाठी हात पुढे करणार, तोच तिने अडवलं.

"थांबा. वर नुसतं साचलं असन तर धुतल्यावर निघून जाईन."

धुणारं पाणी वाहिलं. रेघ किंचित उतरली आणि तिथेच टिकली. चिपवर तुलनेसाठी ठेवलेल्या शेजारच्या पट्टीवर अँटीबॉडी नव्हत्या, तिथून तेच प्रथिन आल्यापावली वाहून गेलं. आता शंकेला जागा उरली नाही. क्षमाचे डोळे भरून आले. यशदीपने तिकडे न बघता रुमाल टेबलावरून पुढे सरकवला.

मग बॅग उचलत म्हणाला, "आता माझं काही काम नाही इथं..."

"नाही," क्षमा डोळे पुसत म्हणाली. "पण मले तुमी आवडता, यशदीप. शुक्रवारी समिती आहे. शनिवारी मी नागपूरले येते. चालन?"

त्याच्या हातातून बॅग निसटली. "मी कालपासून हेच... म्हणजे कसं विचारावं..."

"आता विचारू नका. फक्त सांगा."

"हव," तो म्हणाला.

शुक्रवारी समितीने चिप मागितली, रेघ पाहिली, तासभर उलटसुलट प्रश्न विचारले. क्षमा एकदाही अडखळली नाही. काम पुढे चालू ठेवायचं ठरलं.

शनिवारी नागपूर स्टेशनवर गाडी थांबली. फलाटावर यशदीप उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून भांग पाडलेला. तिला उतरताना पाहून तो पुढे आला.

"आलात?"

"आलीस, म्हण," क्षमा म्हणाली.

त्याने एकदा आजूबाजूला पाहिलं. मग सरळ तिच्या डोळ्यांत.

"आलीस," तो म्हणाला.