नातं नसल्याचा दाखला

लिफ्टचं दार मिटता मिटता आधी एक हात आत आला, मग एक टोपली, आणि टोपलीमागून एक भिजलेला माणूस. टोपलीत पावलं होती. सात. लहान लहान, घोट्यापाशी संपलेली.

ती दचकून मागं सरली.

"घाबरू नका, चावत नाहीत," तो म्हणाला.

"सात का?" तिनं विचारलं. घाबरलेलं माणूस असलं काही विचारत नाही. पण आकडा जुळला नाही की हिला चैन पडत नसे. "पाय जोडीनं असतात ना?"

"माझ्या गिऱ्हाइकांना एकेकच लागतो हो."

ती ओशाळली. ओढणीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं, ते ती उगाचच पिळत राहिली. तो हसला... आणि हसताना त्याचं लक्ष तिच्या तोंडाकडे नव्हतंच, तिच्या पायांकडे होतं. "डाव्या टाचेवर जास्त भार टाकता तुम्ही. चप्पल बघा, तिरकी झिजलीय."

तिला जायचं होतं इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर, एका नामांकित डॉक्टरांना भेटायला. ती उतरली दुसऱ्यावर, टोपलीच्या मागोमाग. तिच्या शिस्तीच्या आयुष्यातली ही पहिली गफलत.

आता तिची शिस्त काय होती, तेही ऐका. मुस्लिम जगतातल्या कर्तबगार तरुणांना दरवर्षी पुरस्कार देणारी एक मोठी संस्था होती. वय पस्तिशीच्या आत हवं, काम लोकांच्या उपयोगाचं हवं. एकतीस देशांत कार्यालयं. या शहरातलं कार्यालय म्हणजे दोन खोल्या, एक म्हातारे सचिवसाहेब आणि ती. स्वतःचं नाव स्वतः सुचवायचं नाही, असा नियम. त्यामुळे व्हायचं काय, मामा भाच्याला सुचवायचा, चुलता पुतण्याला, आणि प्रत्येकाच्या घरचं कार्टं म्हणे जगाचं भलं करत असायचं. हे सगळे अर्ज ती घरोघर, दारोदार जाऊन तपासायची. खोटी एक ओळ सापडली की अर्ज बाद. कार्यालयात तिचं नावच पडलं होतं, चाळणी.

चार वर्षांपूर्वी एका प्राध्यापकानं एका इंजिनिअरचं नाव सुचवलं. त्याला पुरस्कार मिळाला आणि तिसऱ्या महिन्यात तो प्राध्यापकाचा जावई झाला. संस्थेची छी-थू झाली. तेव्हा चाळणीनं एका बैठकीत कलम नऊ लिहून काढलं. 'या उमेदवाराशी माझं रक्ताचं वा लग्नाचं नातं नाही, ठरलेलं नाही, आणि पुढे कधीही जोडलं जाणार नाही. जोडलं गेल्यास पुरस्कार परत घ्यावा.'

"'कधीही' जरा जास्त होतंय, बेटा," सचिवसाहेब म्हणाले होते.

"मग 'कधीकधी' लिहू का?"

मुख्य कार्यालयाला कलम इतकं आवडलं की एकतीसही देशांत लागू झालं. शाबासकीचं पत्र आलं. अब्बांनी ते चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवलं.

टोपलीवाला त्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या कारखान्यात, कृत्रिम पाय बनवायचा. सगळे त्याला पायवाला म्हणत. मूल वाढतं, लाकडी पाय वाढत नाही. दरवर्षी नवा करणं झेपत नाही, म्हणून मुलं घरी बसतात. त्यावर त्यानं एक साधा पाय काढला होता. नळीत पेच होता. चावी फिरवली की नळी बोटभर लांब व्हायची, पाऊल तेवढं बदलायचं. चावी मुलाच्या गळ्यात.

"वाढदिवसाला फिरवायची," तो म्हणाला. "केक नसला तरी चालतं."

त्याचं नाव तिथल्या वयोवृद्ध सर्जननं सुचवलं. नियमाप्रमाणे तपासनीसानं वर्षभर, दर महिन्याला, काम डोळ्यांनी बघायचं. ती गेली. महिन्यातून एकदा जायचं, ते दोनदा होऊ लागलं. धूळ नको म्हणून कारखान्याच्या दाराशी चपला काढाव्या लागत. एकदा परतताना तिनं पायात घातली, तर डावी टाच नवी, सरळ.

"हे काय? तपासनीसाला काही द्यायचं नसतं!"

"तुम्हाला कुठं दिलं? चपलेला दिलं."

"चप्पल माझी आहे."

"मग चपलेनं तक्रार करावी. मी तिचंच ऐकतो... बोलते ती. तुम्ही जिना चढता तेव्हा मला आतूनच कळतं कोण येतंय ते."

घरी जाताना ती साऱ्या रस्त्यानं आपल्याच पावलांचा आवाज ऐकत गेली. सत्तावीस वर्षं चालत होती बापडी, आजवर कधी ऐकला नव्हता.

वर्ष भरत आलं. अर्जांची मुदत संपायला चार दिवस होते आणि पुढच्या महिन्यात त्याला पस्तीस पूर्ण होत होती. म्हणजे हीच संधी, पहिली आणि शेवटची. ती कारखान्यात कागद जुळवत बसली होती. त्याचा फोन वाजला.

"जी, मामूजान," तो फोनवर म्हणाला. "ऑपरेशन झालं की या, मापं तयार आहेत."

तिचं पेन थांबलं. "मामूजान कोण?"

"हेच आपले सर्जनसाहेब. अम्मीचे चुलतभाऊ. का?"

त्यानं लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. म्हाताऱ्या सर्जनला चुलतबहिणीचा मुलगा हे नातं मोजण्याइतकं जवळचं वाटलं नव्हतं. पण कलम कलम असतं. तिनं त्याच्यासमोरच अर्जावर तिरकी रेघ मारली.

"चाळणीबाई..." तो एवढंच म्हणाला. मग भिंतीकडे बघत बसला. भिंतीवर वाट बघणाऱ्या मुलांची यादी होती. चारशे बारा. पुरस्काराबरोबर यंत्रं येणार होती, चार कारागीर येणार होते. एकट्यानं तो महिन्याला सात पाय करायचा.

ती जड पायांनी घरी पोहोचली तर आपा, तिची थोरली बहीण, दारातच उभी. चेहरा नुसता फुललेला. "कुठं होतीस? पायवाल्याची अम्मी येऊन गेली! मागणी घातलीय तुला. अब्बा तर हवेतच आहेत. अगं, अशी बघतेस काय? लाज तरी!"

लाजायला वेळ कुठं होता? तिच्या डोक्यात कलमं फिरत होती. नाव सुचवणारा असा हवा ज्यानं वर्षभर काम डोळ्यांनी पाहिलंय. आणि तसं या शहरात एकच माणूस उरलं होतं. तिनंच सुचवायचं, तपासणीवर सचिवसाहेबांनी सही करायची, अशी सोय नियमांत होती. फक्त कलम नऊ आडवं येत होतं.

ती रात्र सरली. सकाळी भांडी घासता घासता ती म्हणाली, "आपा, नाही म्हणून कळव."

"डोकं फिरलं का? वर्षभर त्याचंच नाव घेऊन आमचे कान किटवलेस ना?"

"कळव म्हटलं ना. कारण विचारू नकोस."

कारण सांगितलं असतं तर आपानं त्याला सांगितलं असतं. आणि त्याला कळलं असतं तर त्यानं अर्ज फाडून टाकला असता. एवढं ती त्याला ओळखत होती. आपानं नळ बंद केला, तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि रडायलाच लागली. ही मात्र भांडी विसळत राहिली.

दुपारी सचिवसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून अर्ज वाचला. "बेटा, कलम नऊ वाचलंस?"

"मीच लिहिलंय ते, साहेब."

म्हाताऱ्याला काय कळायचं ते कळलं. त्यांनी सही केली आणि कितीतरी वेळ खिडकीबाहेरचा पाऊस बघत बसले.

संध्याकाळी तो कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभा होता. छत्री हातात, मिटलेली.

"नाही म्हणालात."

"हो."

"कारण?"

"काही नाही."

"तुम्ही कारणाशिवाय कागदसुद्धा फाडत नाही, चाळणीबाई."

त्याच्या पापण्यांवर पाणी होतं, पावसाचं की कसलं ते तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळंच कोसळलं असतं.

"कुठं चुकलो ते सांगितलं असतंत तर..." तो थांबला. "दुरुस्त केलं असतं. मला तेवढंच येतं."

तो गेला. छत्री शेवटपर्यंत उघडली नाही त्यानं.

पुरस्कार मिळाला. एकतीस देशांतून नऊजण, त्यात हा. समारंभात त्यानं सर्वांचे आभार मानले, तिचेही. "कार्यालयाचे आभार" म्हणाला आणि तिच्याकडे न बघता खाली उतरला. यंत्रं आली, कारागीर आले. भिंतीवरची यादी हलू लागली. आणि चाळणी अर्ज चाळत राहिली. घरी तिच्यासाठी दोन स्थळं आली, दोन्ही तिनं परतवली. अब्बांनी ते शाबासकीचं पत्र वाचून दाखवणं सोडून दिलं.

वर्षानं तपासणीची वेळ आली. नाव सुचवणाऱ्यानं दरवर्षी जाऊन काम बघायचं आणि दोघांनी एका कागदावर सह्या करायच्या. ती जिना चढली. दाराशी पोहोचायच्या आधीच आतला कानशीनं घासण्याचा आवाज थांबला.

"या," तो म्हणाला. कोरडं.

तिनं सगळं तपासलं. एकशे नव्वद पाय झाले होते. मग तिनं कागद पुढं सरकवला. सही करण्याआधी वाचण्याची सवय त्याला तिनंच लावली होती, म्हणून तो वाचू लागला... आणि एका ओळीवर अडकला. नाव सुचवणारी व्यक्ती. अर्जाची तारीख. कलम नऊ.

"ही तारीख..." त्यानं वर पाहिलं. "त्याच दिवशी सकाळी तुमचा नकार आला होता."

तिनं मान डोलावली.

"मी समजत होतो, सचिवसाहेबांनी माझं नाव पाठवलं." त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "कुठल्या दगडानं लिहिलं हो हे कलम?"

"मीच."

मग त्याला हसू फुटलं आणि तिलाही. दोघं वेड्यासारखे हसले आणि हसता हसता रडू कधी लागले, ते दोघांनाही कळलं नाही.

"परत करतो पुरस्कार," तो डोळे पुसत म्हणाला. "आत्ता. लिहा कागद, मी सही–"

बाहेरच्या व्हरांड्यात टक्... टक्... असा आवाज येत होता. एक मुलगी नव्या पायावर चालायला शिकत होती, कठडा धरून. त्यानं तिकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. अजून दोनशे बावीस. वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

"मी सात वर्षांत खोटी ओळ असलेला एकही अर्ज पुढं जाऊ दिला नाही," ती हळूच म्हणाली. "एक सोडून. कलम नऊखाली सही केली, तेव्हा मनात... मनात फक्त तुम्हीच होता. त्या अर्जातलं बाकी सगळं खरं होतं."

"मग आता?"

"आता ती ओळ खरी करायची. जन्मभर. दुसरं काय?"

त्यानं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. त्याची सही झाली, तिची झाली. शाई वाळेपर्यंत दोघं त्या कागदाकडे बघत होते.

"पुढच्या वर्षी?" त्यानं विचारलं.

"याच तारखेला. दहा वाजता."

ती दाराशी चपला घालायला वाकली. तो मागं येऊन उभा होता.

"डावी टाच पुन्हा झिजलीय तुझी." पहिल्यांदाच तो 'तुझी' म्हणाला. "दे इकडे. दोन मिनिटांचं काम आहे."

तिनं पाय पुढं केला... आणि मागं घेतला. "उमेदवाराकडून काही घ्यायचं नसतं. कलम सात."

"तुला कुठं देतोय? चपलेला–"

"चप्पल माझी आहे," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

लिफ्ट समोर उघडी होती. पण ती जिन्यानं उतरली, एकेका पायरीवर झिजली टाच नीट वाजवत, सावकाश, म्हणजे त्याला शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जावं.