घाटापलीकडून आणलेलं श्वासयंत्र

दाराला लसूण चोळून झाला असेल तर बसा जवळ. आज संत आंद्रेईची रात्र, मेलेले फिरतात ती, म्हणून सांगतो. एरवी कुणी हा विषय काढला तर औरेल उठून जातो. औरेल म्हणजे आपला वरच्या आळीतला, इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात ब्रदर आहे तो.

गेल्या वर्षीची हीच रात्र. विभागात रुक्सांद्रा नावाची बाई होती, न्यूमोनियाने फुप्फुसं भरलेली. जुनं यंत्र अडखळत होतं, आणि चांगलं घाटापलीकडच्या इस्पितळाने उसनं नेलेलं. औरेलने सकाळपासून फोनवर फोन केले. संध्याकाळी निरोप आला, घेऊन जा. तो गाडी काढून निघाला.

तिकडे ते पेत्राके नावाच्या लाकूडतोड्याला लावलेलं होतं. दांडगा गडी, पण कित्येक आठवडे यंत्रच त्याच्यासाठी श्वास घेत होतं. काम नसलं की स्नायू वाळतो, मग तो दंडाचा असो की फासळ्यांखालचा श्वासाचा पडदा. त्याचा पडदा कागदासारखा झाला होता. असा पडदा रोज थोडा थोडा कामाला लावायचा असतो. फोनांमुळे तिकडे घाई झाली. दुपारी यंत्र काढलं. दिवेलागणीपर्यंत त्याने एकट्याने श्वास ओढला, मग पडदा थकला, आणि पुन्हा जोडेपर्यंत पेत्राके गेला.

औरेलला हे तिथे पोचल्यावर कळलं. पेत्राकेची बायको साफ्ता यंत्राला टेकून उभी होती.

"फोन करणारा तूच का रे?"

औरेलने मान हलवली. तिकडे एक बाई मरायला टेकलीय, म्हणाला.

"मग ने. पण ह्यांचं ओढून संपलेलं नाही अजून."

काकू, यंत्रात हवा असते, माणूस नसतो, असं तो काहीतरी पुटपुटला. ती बाजूला झाली. पण त्याच्या वाटेवर थुंकली.

घाटात धुकं होतं. यंत्र मागे, बंद, वायर गुंडाळलेली. चढ लागला तसा मागून आवाज येऊ लागला... ओला, ओढल्यासारखा. त्याने रेडिओ लावला. आवाज गाण्याखालून येत राहिला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

इस्पितळात डॉक्टर ओलिंपियाबाईंनी यंत्र पुसून, तपासून रुक्सांद्राला जोडलं. नीट चाललं. डॉक्टरबाई जरा आडव्या व्हायला गेल्या. थोड्या वेळाने स्क्रीनवर खूण उमटली : पेशंट स्वतःहून श्वास ओढतोय.

एरवी ही आनंदाची गोष्ट. पण रुक्सांद्राला स्नायू सैल पाडणारं औषध चालू होतं. तिला पापणीसुद्धा हलवता येत नव्हती.

कुठून हवा गळतेय का, औरेलने पाहिलं. नळीत साचलेलं पाणी काढलं. खूण पुन्हा आली. आधीपेक्षा जोरात. त्याने तिच्या फासळ्यांखाली तळहात ठेवला.

काही नाही.

खूण येत होती. नळी आत चिमटत होती, कुणी गालफडं बसेपर्यंत चोखावं तशी. यंत्र हवा सोडत होतं, आणि रुक्सांद्राची छाती उठत नव्हती. ओठ निळे पडले...

हवा जात होती. तिच्याकडे नाही.

त्याने यंत्राची नळी उपटली. रबरी पिशवी लावून हाताने दाबू लागला. छाती उठली. रंग परतला. नळी फरशीवर पडली होती. ओढत होती.

"पेत्राके," तो हळूच म्हणाला, "तिचा काय दोष?"

नळी थांबली.

...

मग नळीचं तोंड फरशीवरून सरकत वळलं. औरेलकडे.

त्याच्या फासळ्यांखाली कुणी मूठ घातल्यासारखं झालं. श्वास अडला. हात मात्र थांबू दिले नाहीत त्याने. डॉक्टरबाई आल्या तेव्हा तो पिशवी दाबत तसाच उभा होता, घामाने निथळत. यंत्र बंद होतं. कुणी बंद केलं, ते त्याला सांगता आलं नाही.

रुक्सांद्रा वाचली, आता बाजारात लोणची विकते. यंत्रात दोष काही निघाला नाही.

औरेलला मात्र धाप लागायला लागली. म्हणून डॉक्टरबाईंनी एकदा त्याची सोनोग्राफी केली. श्वास घे म्हणाल्या. श्वासाच्या पडद्याच्या दोन्ही बाजू हलल्या. मग म्हणाल्या, आता रोखून धर.

त्याने धरला. डावी बाजू थांबली.

बाईंनी स्क्रीन पटकन आपल्याकडे वळवला. पण त्याने पाहिलं होतं. त्याचं तोंड मिटलेलं, नाक दाबलेलं...

आणि उजवी बाजू हलतच होती. सावकाश. आपल्या सवडीने.