एरंडेल जरा जास्तच

"एवढं एरंडेल ओतलंस तर साबण कसला होतोय, चिकटा होईल नुसता," काउंटरमागे दुकानदार काका पुटपुटले. त्यांचा मुलगा ऐकून न ऐकल्यासारखा नरसाळ्यात तेल ओततच राहिला. काउंटरसमोर बाटलीसाठी थांबलेल्या तिने मात्र स्वच्छ ऐकलं.

घरी साबण करायची नवी हौस, म्हणून ती सुट्या तेलांच्या त्या दुकानात शिरली होती. मुलाने मन लावून समजावलं— खोबरेलाने वडी टणक होते, पण नुसतं खोबरेल कातडी कोरडी करतं, म्हणून जोडीला तिळाचं. एरंडेल अगदी थोडं, फेस टिकण्यापुरतं. हे सांगताना त्याची नजर बाटलीवर कमी, तिच्यावरच जास्त... आणि थोडं म्हणता म्हणता एरंडेल भळाभळा पडलं.

साबण चिकट झाला. तिने तक्रार केली. त्याने चेहरा पाडून नवं मिश्रण दिलं, तेही तसंच. मग हे नेहमीचंच होऊन बसलं. घरात जिकडेतिकडे लिबलिबीत वड्या. तक्रार करायला जाताना कुणी काजळ घालतं का, एवढंच घरी तिच्या मावशीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कणीक मळायला घेतली.

एकदा मुलगा माल पोचवायला गेला होता, म्हणून बाटली काकांनी भरून दिली. झालं! साच्यातून वडी टुणकन बाहेर आली. पांढरी, घट्ट, देखणी. ती हातात धरून तिला रडूच यायला लागलं. आता कुठल्या तोंडाने जायचं त्या दुकानात?

तरी गेली. वडी काउंटरवर ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"छान जमलाय," कुणी आजारी असल्याची बातमी द्यावी तसं तो म्हणाला. "म्हणजे आता... तुमचं येणं संपलंच."

काकांनी पाठ फिरवली आणि पुसलेलेच डबे पुन्हा पुसायला घेतले.

"एरंडेल जास्त पडतंय, हे काकांकडून मी पहिल्याच दिवशी ऐकलं होतं," ती वडीकडे बघत म्हणाली.

"मग तरी साबण तसाच का करत राहिलात?"

"तुम्ही तरी तसंच का देत राहिलात?"

त्याने नरसाळं उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. काकांचं फडकं थांबलं.

"तुम्ही परत यावं म्हणून," तो म्हणाला. "मला तुम्ही आवडता. पहिल्या बाटलीपासून."